इंग्रजी क्रियापदाची रूपे आणि मराठी वर्गातील ‘काळ’

मराठीतून इंग्रजी शिकविणाऱ्या कोणत्याही व्याकरणपुस्तिकेतील क्रियापदाचे प्रकरण उघडले, तर त्यात दोन गोष्टी हमखास आढळतात. एक म्हणजे क्रियापदांच्या प्रकारांची यादी : सकर्मक, अकर्मक, सहायक, नियमित, अनियमित. दुसरी म्हणजे बारा घरांचा तक्ता. वर्तमान, भूत, भविष्य हे तीन काळ आणि प्रत्येकाचे साधा, अपूर्ण, पूर्ण व चालू पूर्ण असे चार पोटभेद. हा तक्ता विद्यार्थी बिनचूक म्हणून दाखवितो, आणि लिहावयास बसला की ‘आय हॅड गॉन टु नागपूर येस्टरडे’ असे लिहितो. काटोलसारख्या ठिकाणी, जेथे घरची बोली नागपुरी-वऱ्हाडी, शाळेची भाषा प्रमाण मराठी आणि पदवी-परीक्षेला मात्र इंग्रजी अनिवार्य, तेथे या चुकीची किंमत केवळ चार गुणांची नसते. ‘याला इंग्रजी येत नाही’ हा शिक्का त्या मुलावर पुढे मुलाखतीपर्यंत राहतो. चूक निष्काळजीपणाची आहे असे समजून तिच्यावर तोच तक्ता पुन्हा एकदा पाठ करण्याचा उपाय योजिला जातो. माझ्या मते दोष तक्त्यातच आहे. आणि तो दूर करण्याचे साधन बाहेरून आणण्याचे कारण नाही, ते मराठी व्याकरणाने स्वतःच घडवून ठेविले आहे.

प्रथम या तक्त्याचा प्रवास पाहू. लिंडले मरे याचे इंग्रजी व्याकरण १७९५ साली प्रसिद्ध झाले. त्यात क्रियापदांचे तीन प्रकार सांगितले आहेत : कर्त्याच्या व्यापाराचे, कर्मावर झालेल्या व्यापाराचे आणि या दोहोंहून निराळे, तटस्थ. काळ मात्र सहा. ही सहाची संख्या इंग्रजीतून निघालेली नाही, ती लॅटिन व्याकरणातून आलेली आहे. इंग्रजीत धातूचे रूप बदलून होणारे काळ दोनच. पण लॅटिनची सहा घरे मोकळी राहू नयेत म्हणून सहायक क्रियापदांच्या जोडण्या एकेका घरात बसविण्यात आल्या. १८३६ साली दादोबा पांडुरंगांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ लिहिले तेव्हा मरेचा आदर्श त्यांच्यासमोर होता. बावीस वर्षांच्या तरुणाने, पाठीशी मराठी व्याकरणाची म्हणण्यासारखी परंपरा नसताना, एवढे काम उभे केले याबद्दल आदरच वाटावयास हवा. परंतु त्यामुळे झाले असे की लॅटिनची चौकट इंग्रजीने घेतली, इंग्रजीची मराठीने घेतली, आणि आज मराठी चौकटीतून आपण पुन्हा इंग्रजी शिकवितो. वर्तुळ पूर्ण झाले. मूळ भाषा मात्र लॅटिनच राहिली.

बारा घरांचा आजचा तक्ता मरेनंतरचा आहे. मराठी शालेय व्याकरणांनीही पुढे चार आडव्या ओळींचाच तक्ता घेतला, पण त्यात एक गंमत झाली. पहिल्या तीन ओळी नावाने जुळतात : ‘लिहितो’ साधा, ‘लिहीत आहे’ अपूर्ण, ‘लिहिले आहे’ पूर्ण. चौथ्या ओळीत इंग्रजीत ‘हॅव बीन रायटिंग’ आहे, आणि मराठीत ‘लिहीत असतो’, म्हणजे रीतिकाळ. दोन्ही तक्ते फळ्यावर शेजारी मांडले की चौथे घर चौथ्या घरासमोर येते. ‘आजोबा रोज सकाळी बागेत काम करीत असतात’ याचे भाषांतर ‘ग्रँडफादर हॅज बीन वर्किंग इन द ऑर्चर्ड एव्हरी मॉर्निंग’ असे करणाऱ्या विद्यार्थ्याने तक्त्यावर पूर्ण विश्वास ठेविलेला असतो, एवढाच त्याचा अपराध. मराठीला रीतीचे स्वतंत्र रूप आहे. इंग्रजीत वर्तमानातील रीतीचा अर्थ साध्या रूपानेच भागतो. घरांची संख्या सारखी करण्याच्या हौसेने हा भेद झाकला गेला.

तथापि याहून मोठी अडचण एका शब्दाची आहे. इंग्रजीत ‘टाइम’ आणि ‘टेन्स’ असे दोन शब्द आहेत. घड्याळाचा काळ निराळा आणि क्रियापदाच्या रूपाचा काळ निराळा. ओटो येस्पर्सन याने ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ या १९२४ सालच्या ग्रंथात या भेदावर भर दिला, आणि इंग्रजीला भविष्यकाळाचे स्वतंत्र रूप आहे हे मानण्यास तो तयार नव्हता. हा विचार मराठी वर्गात सांगू गेल्यास जीभ अडते, कारण आपल्याकडे दोहोंना ‘काळ’ हा एकच शब्द. ‘भूतकाळी रूप भूतकाळ दाखवितेच असे नाही’ हे वाक्य ऐकणाऱ्यास वदतोव्याघात वाटते. वास्तविक तो वदतोव्याघात नाही. ‘थांब, आलोच!’ असे म्हणणारा मनुष्य अजून निघालेलाही नसतो. ‘उद्या पाऊस आला तर तोडणी थांबेल’ यातील ‘आला’ हा उद्याचा आहे. विद्यार्थ्याला ‘आला’ म्हणजे भूतकाळ आणि भूतकाळ म्हणजे ‘केम’ असे शिकविलेले असल्यामुळे तो ‘इफ रेन केम टुमॉरो, द प्लकिंग विल स्टॉप’ असे लिहितो. उलटपक्षी, इंग्रजीतही ‘इफ आय न्यू’ किंवा ‘इट इज टाइम वी वेन्ट’ यांतील भूतकाळी रूपाचा गतकाळाशी संबंध नाही. दोन्ही भाषांत रूप एक, अर्थ अनेक. पण ते अनेक अर्थ दोन्हींत सारखे नाहीत. नावातच अर्थ कोंबला की हे सांगण्याची सोय उरत नाही.

येथे मोरो केशव दामले यांचे ऋण मानावयास हवे. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ईलाख्यात, चाख्यात ही नावे भेटतात. ‘करतो’ हे ताख्यात, ‘केला’ हे लाख्यात, ‘करावा’ हे वाख्यात, ‘करील’ हे ईलाख्यात. नाव रूपावरून, प्रत्ययात ‘ल’ आहे म्हणून लाख्यात, यापलीकडे त्या नावाचा काही दावा नाही. त्या रूपाने भूत, नजीकचे भविष्य, संकेत यांपैकी काय सूचित होते याचा विचार नंतर, स्वतंत्रपणे करता येतो. ही दृष्टी पाणिनीची आहे. लट्, लङ्, लिट् ही लकारांची नावे मुद्दामच अर्थशून्य आहेत. लट् वर्तमानात वापरावा हे वेगळ्या सूत्राने सांगावे लागते, आणि म्हणूनच तो वर्तमानाबाहेर केव्हा जातो हे सांगावयास पुढे जागा राहते. आपल्या शालेय पुस्तकांनी आख्यातांची यादी परिशिष्टासारखी एका पानात आटोपली आणि खरा पाठ काळांच्या तक्त्याला दिला. अरविंद मंगरूळकरांनी १९६४ च्या ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ या ग्रंथात परंपरागत वर्गीकरणाची कसून तपासणी केली. तिचा परिणाम मराठीच्या अभ्यासकांवर झाला, इंग्रजीच्या वर्गापर्यंत मात्र तो पोहोचला नाही. मराठी विभाग आणि इंग्रजी विभाग यांच्यामधील व्हरांडा आपल्याकडे जरा लांबच असतो.

आता हीच आख्यातदृष्टी इंग्रजीस लावून पाहावी. ‘राइट’ या धातूची एकंदर रूपे पाच : राइट, राइट्स, रोट, रिटन, रायटिंग. ‘वॉक’ची चारच, कारण तेथे ‘रोट’ व ‘रिटन’ यांची कामे एकच ‘वॉक्ट’ करते. ‘पुट’ची तीन. सर्वांत अधिक ‘बी’ची, आठ : बी, ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीन, बीइंग. एवढेच. यांना मूलरूप, एस-रूप, डी-रूप, एन-रूप आणि इंग-रूप म्हणावे. मराठी धातूच्या रूपांचा पसारा पाहता विद्यार्थ्याला इंग्रजी क्रियापद हे पोरखेळ वाटावयास हवे. बारा काळांच्या भयाने ते तसे वाटत नाही. अनियमित क्रियापदांची लांबलचक यादी पाठ करावी लागते हे खरे, पण ‘केले, गेला, आला, मेला, झाला, दिले’ ही मराठीची अनियमित लाख्याते बिनतक्रार वापरणाऱ्या मुलाला ‘वेन्ट’ आणि ‘गेव्ह’ यांचे नवल वाटण्याचे कारण नाही.

या पाच रूपांच्या जोडीला पामर आणि हॉर्नबी यांनी वेगळी काढलेली चोवीस सहायक रूपे शिकवावी. ‘ॲम’पासून ‘वेअर’पर्यंत पाच, ‘हॅव’ची तीन, ‘डू’ची तीन, ‘शॅल, शुड, विल, वुड, कॅन, कुड, मे, माइट’ ही आठ, आणि ‘मस्ट, ऑट, नीड, डेअर, यूज्ड’ ही पाच. यांची खूण अर्थाची नाही, वागणुकीची आहे : नकार यांनाच थेट चिकटतो आणि प्रश्नात हीच कर्त्यापुढे उडी घेतात. बारा घरांच्या तक्त्यात ‘डू’ला कोठेही जागा नाही, कारण तक्ता होकारार्थी वाक्यांचा आहे. मग ‘आय नॉट नो’ असे लिहिणाऱ्यास आपण हसावे काय?

काटोलच्या बोलीचा विचार केल्यावर तर रूपाला अर्थाचे नाव देण्याची पद्धत अगदीच कोलमडते. ‘मी नागपूरले जाऊन राहिलो’, ‘पाणी येऊन राहिलं’, ‘तू काय करून राहिला?’ (बोलताना त्याचे ‘रायलो, रायलं, रायला’ होते) ही येथील रोजची भाषा. पुण्याच्या कानाला ‘तो काटोलला येऊन राहिला’ म्हणजे तो आला आणि येथे वास्तव्य करू लागला. आमच्या कानाला, तो वाटेवर आहे. ‘राहिला’ हे रूपाने लाख्यात आहे. तक्त्याप्रमाणे ते ‘साधा भूतकाळ’ ठरेल. अर्थाने ते या क्षणी चाललेली क्रिया दाखविते, आणि ‘जाऊन राहिलो होतो’ म्हटले की तीच क्रिया मागे सरकते. हिंदीतील ‘जा रहा है’ याच्याशी याचे नाते उघड आहे. मध्य प्रांतात दोन्ही भाषा शेजारी नांदल्या, त्यात नवल नाही. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या सातव्या खंडात वऱ्हाडी आणि नागपुरी यांची मराठीच्या बोली म्हणून दखल घेतलेली आहे. पण शाळेत या रूपाला अशुद्ध म्हणून खोडण्यापलीकडे कोणी त्याची दखल घेत नाही.

हे खोडणे इंग्रजीच्या दृष्टीने तोट्याचे आहे. प्रमाण मराठीतील ‘जातो’ हे एकच ताख्यात रीत, चालू क्रिया आणि नजीकचे भविष्य ही तीन ओझी वाहते, ‘कुठे जातोस?’ याचे उत्तर ‘शाळेत जातो’ असेच येते, ‘जात आहे’ असे क्वचितच. म्हणून प्रमाण मराठीच्या मार्गाने गेलेल्या मुलाला ‘गोज’ आणि ‘इज गोइंग’ यांतील भेद कष्टाने शिकावा लागतो. काटोलचा मुलगा हा भेद घरीच शिकून आलेला असतो. ‘जाते’ वेगळे आणि ‘जाऊन राहिला’ वेगळे, हे त्याच्या बोलीत पक्के आहे. ‘इज गोइंग’ समोर ‘जाऊन राहिला’ ठेवा, असे शिक्षकाने सांगितले तर दोन तासांचे काम दहा मिनिटांत होईल. त्याऐवजी आपण त्याला प्रथम ‘जाऊन राहिला’ विसरावयास लावतो, मग ‘जात आहे’ शिकवितो, आणि त्यावरून ‘इज गोइंग’कडे नेतो.

पण बोलीचा हा उपयोग डोळे झाकून करता येणार नाही. बोलीतील ‘राहणे’ इंग्रजीच्या इंग-रूपापेक्षा अधिक उदार आहे. ‘मले दिसून नाही राहिलं’, ‘तुले समजून राहिलं का?’, ‘मले असं वाटून राहिलं’ ही वाक्ये येथे अगदी स्वाभाविक आहेत. इंग्रजीत पाहणे, कळणे, वाटणे या अर्थांची क्रियापदे सहसा इंग-रूप घेत नाहीत. झेनो व्हेंडलर याने १९५७ च्या ‘व्हर्ब्ज अँड टाइम्स’ या निबंधात क्रियापदांचे जे चार वर्ग केले, त्यांतील पहिला, स्थितिवाचकांचा, हाच. क्रियापदांचे खरे उपयोगी ‘प्रकार’ हे आहेत : स्थिती, चालणारा व्यापार, शेवट गाठणारा व्यापार आणि क्षणात घडणारी घटना. आपल्या पुस्तिकांतील प्रकारांच्या यादीत मात्र यांचा उल्लेखही नसतो. सकर्मक-अकर्मक सांगितले की प्रकरण संपते. ‘आय ॲम नॉट सीइंग द बोर्ड’ असे म्हणणारा काटोलचा विद्यार्थी आपल्या बोलीचे व्याकरण तंतोतंत पाळत असतो. त्याला नियम पाळण्याची सवय आहे. हा नियम इंग्रजीचा नव्हे, एवढेच त्याला सांगावयाचे.

लेखाच्या आरंभी दिलेल्या ‘आय हॅड गॉन टु नागपूर येस्टरडे’ या वाक्याकडे आता वळू. ‘मी काल नागपूरला गेलो होतो’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. तक्ता सांगतो, ‘गेलो होतो’ हा पूर्ण भूतकाळ, आणि इंग्रजीत पूर्ण भूतकाळ म्हणजे ‘हॅड’ व एन-रूप. तेव्हा विद्यार्थ्याचे भाषांतर तक्त्याप्रमाणे बरोबर, इंग्रजीप्रमाणे चूक. ‘गेलो होतो’ यात मराठी काय सांगते? ‘मामा काल आले’ म्हटले तर मामा अजून घरात असतील. ‘मामा काल आले होते’ म्हटले की ते परत गेले. येण्याचा परिणाम रद्द झाला, ती गोष्ट आजपासून तुटली, हा त्या ‘होते’चा अर्थ. इंग्रजी ‘हॅड कम’ला परिणामाशी देणेघेणे नाही, त्याला गतकाळातील दुसरा एक बिंदू लागतो, ज्याच्याही आधी ही क्रिया घडली. हान्स रायखेनबाख याने १९४७ साली ‘एलिमेंट्स ऑफ सिम्बॉलिक लॉजिक’ मध्ये बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि संदर्भाचा क्षण असे तीन बिंदू मानले. इंग्रजी ‘हॅड’ संदर्भबिंदूवाचून लुळे पडते. मराठी ‘होतो’ त्याच्यावाचून खुशाल चालते. दोन्हींना ‘पूर्ण’ हे एकच विशेषण लावून आपण दोन अनोळखी माणसांना सख्खे भाऊ म्हणून उभे केले आहे.

प्रयोगांच्या बाबतीत हा घोटाळा अधिक गमतीचा आहे. ‘मजुरांनी संत्री तोडली’ हे वाक्य मराठी व्याकरणाप्रमाणे कर्मणी. क्रियापद संत्र्यांप्रमाणे चालते. ‘द लेबरर्स प्लक्ट द ऑरेंजेस’ हे त्याचे इंग्रजी रूप मात्र साधे कर्तरी. इंग्रजीच्या वर्गात ‘पॅसिव्ह’ म्हणजे कर्मणी असे सांगितले जाते, आणि मग ‘कर्तरीचे कर्मणी करा’ हा प्रश्न येतो. जे वाक्य मराठीत अगोदरच कर्मणी आहे त्याचे आणखी कर्मणी काय करावयाचे, ही शंका हुशार विद्यार्थ्याला येते आणि गप्प बसविली जाते. मराठीत लाख्यातात सकर्मक धातूचा कर्ता ‘ने-नी’ घेतो, हा रूपाचा नियम. बोलणाऱ्याला त्यात निवड नाही. ‘मी धडा शिकलो’, ‘ती पाणी प्याली’, ‘तो इंग्रजी बोलला’ असे थोडे धातू तेवढे या नियमाबाहेर राहतात. इंग्रजीत ‘बी’ आणि एन-रूप यांची जोडणी ही मात्र बोलणाऱ्याची निवड आहे. कर्ता सांगावयाचा नसला, ठाऊक नसला, किंवा कर्माविषयी बोलणे चालू असले की ती येते. ‘रामाकडून पत्र लिहिले गेले’ हा जो नवीन कर्मणी म्हणून आपल्या पुस्तकांत नोंदविलेला आहे, तो इंग्रजीच्या भाषांतरातून रुळलेला प्रकार. कोणत्याही मराठी घरात रामाकडून पत्र लिहिले जात नाही, राम पत्र लिहितो.

या सर्वावर दोन आक्षेप येतील. पहिला, परीक्षेत काळांचीच नावे विचारतात. विचारोत, शेवटच्या महिन्यात बारा नावे पाठ करण्यास आठवडा पुरतो, त्यासाठी पाच वर्षांचा पाया त्यांच्यावर रचण्याचे प्रयोजन नाही. दुसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे : ‘डी-रूप’, ‘इंग-रूप’ ही नावे कोरडी आहेत, त्यांनी अर्थबोध होत नाही. परंतु हाच त्यांचा गुण होय. डी-रूप म्हटल्यावर शिक्षकाला त्याचे अर्थ सांगावेच लागतात : गतकाळ, ‘इफ’मागची कल्पना, विनंतीतील अदब. भूतकाळ म्हटल्यावर सर्व सांगून झाल्यासारखे वाटते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसाच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. वाक्यासमोर वाक्य ठेवण्याची ती पद्धत जुनी झाली म्हणून टाकून देण्याचे कारण नाही. फक्त समोर ठेवावयाचे मराठी वाक्य पुस्तकी नसावे आणि त्यावर काळाची चिठ्ठी चिकटविलेली नसावी.

बोलीच्या बाजूचे काम मात्र अजून व्हावयाचे आहे, आणि ते पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आटोक्यातले आहे. नागपुरीतील कोणते धातू ‘राहणे’ घेतात आणि कोणते घेत नाहीत, याची यादी घरात, बाजारात, बागेत कान देऊन तयार करावी. ‘आवडून राहिलं’ ऐकू येते. ‘पाहिजे’ला ‘राहणे’ जोडता येत नाही. ‘माझ्याजवळ सायकल असून राहिली’ असे काटोलात कोणी म्हणत नाही. तेव्हा ‘आय ॲम हॅविंग अ सायकल’ या वाक्याचा ठपका या बोलीवर ठेवता येणार नाही. ते साऱ्या भारतात ऐकू येते आणि त्याचे मूळ अन्यत्र शोधावे लागेल.